शक्ती नेमकी कुठे मोजली?

"पडद्यावर दहा डीबीएम दिसतंय ना, मग दहाच आहे." एका प्रयोगशाळेत सहज कानावर पडलेलं हे वाक्य डोक्यातून जाता जात नाही. बोलणारे गृहस्थ अनुभवी अभियंते होते आणि समोर होता मायक्रोवेव्ह सिग्नल जनरेटर. शक्तीचा तो आकडा खोटा नव्हता. तो एका जागेपुरता खरा होता, आणि ती जागा कोणती हे विचारण्याची सवय आपल्याला नाही.

लहरी तयार कशा होतात, हे अनेकांना ठाऊक असेल. पुष्कळ जनरेटरांच्या पोटात यिट्रियम, लोह आणि ऑक्सिजन यांच्या स्फटिकाची मिलिमीटरहून लहान गोळी असते. चुंबकीय क्षेत्र एक गॉसने वाढलं की वारंवारता 2.8 मेगाहर्ट्झने चढते. 10 गिगाहर्ट्झसाठी सुमारे 3,600 गॉस लागतात. ही वारंवारता क्वार्ट्झच्या संदर्भाला बांधली की कोटीत एका भागाइतकी अचूकताही मिळते. त्याच खोक्यातली शक्ती मात्र एक डीबीच्या आत, म्हणजे वीस-पंचवीस टक्क्यांच्या आत राहिली तरी आपण खूश असतो. वारंवारतेत आवर्तनं मोजायची असतात. शक्ती मोजायची तर तिचा अंश काढून घ्यावा लागतो, त्याचं रूप बदलावं लागतं, आणि त्या रूपावर विश्वास ठेवावा लागतो.

म्हणून निर्माण करणं आणि राखणं या दोन गोष्टी मी वेगळ्या मानतो. ऑसिलेटर आणि अँप्लिफायर वारंवारतेच्या पट्ट्याच्या एका टोकाला जोमदार असतात, दुसऱ्या टोकाला दमतात. त्यांना सरळ करते ती एएलसी, म्हणजे पातळी आपोआप राखणारी यंत्रणा. कपलर पुढे जाणाऱ्या लहरीचा छोटा हिस्सा काढतो, डायोड डिटेक्टर त्याचं स्थिर व्होल्टेज करतो, ते संदर्भ व्होल्टेजशी ताडलं जातं, आणि जो फरक पडेल त्यानुसार कपलरच्या अलीकडचा पिन डायोडचा मॉड्युलेटर आवळला किंवा सैल केला जातो. आता बाहेरची समानता ऑसिलेटरच्या हाती उरत नाही. ती कपलर आणि डिटेक्टरइतकीच चांगली असते. डिटेक्टर चुकला, तर सगळी यंत्रणा ती चूक इमानाने जपते.

जगदीशचंद्र बोस यांनी 1890च्या दशकात कोलकात्यात ठिणगीतून काही मिलिमीटर लांबीच्या लहरी काढल्या, याचा आपण गौरव करतो. मला त्यांचा गॅलेना स्फटिकाचा डिटेक्टर अधिक मोलाचा वाटतो. त्याचं अमेरिकी पेटंट 1904 सालचं. जनरेटरमध्ये ठिणगी आता कुणी वापरत नाही. धातू आणि अर्धवाहक यांच्या स्पर्शावर चालणारे डायोड मात्र आजही कपलरपाशी बसून लहरींवर नजर ठेवतात.

त्या अभियंत्यांचं पुढचं म्हणणं असं, की एएलसीच्या या खटाटोपाची गरजच काय. एकदा शक्ती मोजून दुरुस्तीचा तक्ता यंत्राच्या स्मृतीत ठेवा, काम झालं. हे मला मुळीच पटलं नाही. खोली तापली, अँप्लिफायर जुना झाला, तर तक्त्याला त्याची खबर नसते. शिवाय एएलसी राखते ते आतल्या कपलरपाशी. 18 गिगाहर्ट्झला मीटरभर चांगली केबलही एक-दीड डीबी खाते, म्हणजे पाव भागाच्या आसपास शक्ती वाटेतच संपते. डिटेक्टर केबलच्या दुसऱ्या टोकाला नेऊन तिथून एएलसी चालवता येते, आणि तेच योग्य, अशी माझी ठाम समजूत होती.

पण लिहिता लिहिता ती सैल झाली. सिग्नल स्पंदांच्या रूपात असला आणि स्पंद अतिशय अरुंद असला तर एएलसीला तो मोजून सावरण्याइतका वेळच मिळत नाही. तेव्हा ती मोकळी सोडून आधी ठरवलेल्या पातळीवर मॉड्युलेटर धरून ठेवावा लागतो. त्याहून अडचणीची गोष्ट म्हणजे डिटेक्टरचं व्होल्टेज म्हणजे किती शक्ती, हेही यंत्राला आधीच्या एका मोजणीतूनच कळलेलं असतं, आणि ती मोजणी तक्त्याच्या रूपानेच स्मृतीत बसलेली असते. ज्या जिवंत मोजणीच्या बाजूने मी भांडत होतो, ती स्वतःच जुन्या मोजणीवर उभी आहे. तेव्हा तक्त्यावरचा आक्षेप मी मागे घेतो. "मग दहाच आहे" या निश्चिंतपणावरचा नाही.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना एवढीच विनंती: अहवालात शक्तीचा आकडा लिहाल, तेव्हा ती कोणत्या जागी, कोणत्या सेन्सरने आणि कोणत्या तारखेला मोजली, हे त्याच ओळीत लिहा.