शंकासमाधान : पंगतीत कोण बसणार?

प्रश्न : फादर, धाकट्या मुलीचं पहिलं कम्युनियन मे महिन्यात आहे. गेल्या वर्षी जावेच्या मुलाच्या वेळी हॉल, स्टेज, तीनशे पानं असं सगळं झालं. आमची ऐपत तेवढी नाही. मिस्टर कर्ज काढायचं म्हणतात. घरीच साधं जेवण केलं तर लोक नावं ठेवतील, मुलगीही हिरमुसेल. देवाला साधेपणा आवडतो म्हणतात, मग सण करूच नये का? — एक आई, वसई

उत्तर : ताई, सण जरूर करा. प्रभू येशूने पहिलं चिन्ह दाखवलं ते लग्नघरी. काना गावी द्राक्षारस संपला, यजमानाची अब्रू जायची वेळ आली, तेव्हा त्याने सहा दगडी रांजण पाण्याने भरायला सांगितले. लोकांच्या पंगतीला बसतो म्हणून ज्याला खादाड ठरवलं गेलं, असा आपला प्रभू. त्याला तुमच्या घरचा आनंद कसा खुपेल?

संत लूकच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय मात्र यादी करायला बसण्याआधी दोघांनी मिळून वाचा. परुश्याच्या घरी जेवता जेवता प्रभू यजमानालाच सांगतो, की मेजवानी द्यायची तर भाऊबंदांना आणि पैसेवाल्या शेजाऱ्यांना बोलावू नकोस, ते तुला उलट बोलावून फेड करतील. ज्यांना फेडता येणार नाही त्यांना बोलाव. आपल्या घराघरांत आहेराची वही असते. कोणी किती घातले, आपण किती घालायचे, सगळं तिच्यात लिहिलेलं. तुमच्या तीनशे पानांतली किती त्या वहीतून आली आहेत, ते एकदा मोजा. जावेची बरोबरी करायची म्हणून किती आली, तेही.

माझ्या गुरुदीक्षेच्या दिवशी आईने पहिल्या पंगतीत एका म्हाताऱ्या कोळणीला बसवलं होतं. ती वर्षानुवर्षं दारावर सुकट घेऊन यायची, आणि घरात पैसे नसले की उधार ठेवून जायची. नातेवाइकांत कुजबुज झाली. आईने तिच्या पानात स्वतःच्या हाताने वाढलं. त्या दिवसाचा मेनू मला आठवत नाही, तिचं ते अवघडून बसणं आणि मग हसणं आठवतं.

कर्जाचं म्हणाल तर स्पष्ट सांगतो, या कारणासाठी काढू नका. 1918 साली वसईच्या कॅथॉलिकांनी सहकारी पतसंस्था काढली, तीच आजची बॅसीन कॅथॉलिक बँक. एकाची शिल्लक दुसऱ्याच्या अडचणीला यावी, हा सहकाराचा अर्थ. स्टेजच्या फुलांसाठी हप्ते फेडत बसलात तर पुढची दोन वर्षं शेजारच्या आजाऱ्याला द्यायलाही तुमच्या हातात काही उरणार नाही. मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते.

मुलीशी आधीच बोला. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ कळतं. वर्गातल्या किंवा गल्लीतल्या ज्या मुलीला कुणी बोलावत नाही, तिला आमंत्रण द्यायला हिलाच पाठवा. पांढरा फ्रॉक पुढच्या वर्षी कुणाला द्यायचा, तेही तिलाच ठरवू द्या.

प्रश्न : मी घरीच असते. हातात पैसा येत नाही, दर वेळी मागावा लागतो. मी दानधर्म काय करणार? — एक गृहिणी

उत्तर : बहिणी, मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन मंडळीतल्या बायका शंभराहून अधिक वर्षं एक रीत पाळत आहेत. स्वयंपाकाला तांदूळ काढले की त्यातले मूठभर बाजूला ठेवायचे. त्याला ‘बुहफाई थाम’ म्हणतात. मंडळी ते तांदूळ गोळा करून विकते आणि पैसा सेवाकार्याला लावते. ज्या काळी त्या डोंगराळ मुलखात बाईच्या हाती रोकड नव्हती, तेव्हा ही रीत पडली. तांदळाचा डबा तुमच्या ताब्यात आहे ना? मग एक बरणी वेगळी करा. गरीब विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्या प्रभूला दिसल्या, तिच्याकडे आणखी काही नाही हेही दिसलं.

प्रश्न : उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, असं प्रभू म्हणतो. मग देणगीदारांच्या नावांच्या फरश्या का?

उत्तर : मलाही त्या आवडत नाहीत. तुम्ही द्याल तेव्हा नाव लावू नका असं लिहून द्या.

प्रश्न : आमच्या वाडीत विहीर आहे. मागच्या चाळीत परप्रांतातले भाडेकरू राहतात. एप्रिल-मेमध्ये त्यांच्या बायका हंडे घेऊन येतात. सासरे म्हणतात, आज पाणी दिलं तर उद्या हक्क सांगतील. शिवाय ते आपल्यातले नाहीत. मी काय करावं?

उत्तर : तुमच्या सासऱ्यांचं बोलणं मी झटकून टाकणार नाही. त्यांनी या गावाची वाडी-वाडी विकली जाताना पाहिली आहे. पाणी बेसुमार उपसलं की किनाऱ्याजवळच्या विहिरी खाऱ्या होतात, हेही त्यांना ठाऊक आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले ते याच भयापोटी. ते भय खरं आहे.

पण ते हंडे घेऊन आलेल्या बाईवर काढू नका. विहीर हंड्याने आटत नाही, पंपाने आटते. सुखार गावाच्या विहिरीवर एक परका माणूस थकून बसला होता, जवळ पोहरा नव्हता, आणि त्याने शोमरोनी बाईकडे पाणी मागितलं. तो कोण होता हे सासऱ्यांना सांगायची गरज नाही, ते रोज त्याची प्रार्थना करतात. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली आणून केडगावात आसरा दिला. त्याही दुसऱ्याच मुलखातल्या होत्या.

तेव्हा असं करून बघा. सकाळी एक तास ठरवा. घरटी दोन हंडे, पिण्यापुरते. पंप नाही, रहाटाने ओढायचं, पैसे घ्यायचे नाहीत. त्या बायकांची नावं विचारून घ्या, नावाने हाक मारा. आणि चाळमालक भाडं घेतो पण नळ देत नाही, तर त्याच बायकांना घेऊन पालिकेत अर्ज द्यायला जा. पहिल्या दिवशी सासऱ्यांनाच रहाटाजवळ खुर्ची टाकून बसवा. कोणी किती हंडे नेले, ते मोजतील. मोजता मोजता बोलतीलही.