पंचवीस मेमो

एका खाजगी अनुदानित शाळेतल्या बाईंनी पोषण आहाराच्या हिशेबाबद्दल शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार केली. महिना उलटला नाही तोच त्यांना मेमो येऊ लागले: उशिरा येता, टाचण अपुरं आहे, वर्गात गोंगाट होतो. पुढच्या सत्रात सेवा संपल्याचं पत्रच हातात पडलं. कायम नोकरी एका कागदानं गेली.

बाई कितीतरी दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. अखेर निवृत्त मुख्याध्यापकांकडे गेल्या.

"सर, मी खरं तेच लिहिलं होतं. देव बघतोय."

"बाई, आधी पत्र कधी मिळालं ते सांगा. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठीच्या १९७७च्या कायद्यानं शाळा न्यायाधिकरणात अपील करायला तीसच दिवस मिळतात. चौकशी झाली होती?"

"कसली चौकशी?"

"तीन जणांची समिती लागते. एक संस्थेचा, एक तुम्ही निवडलेला, एक पुरस्कारप्राप्त शिक्षक. त्याशिवाय कायम शिक्षकाला असं काढता येत नाही."

"पण सूडानं काढलं हे कसं दाखवू? त्यांच्या मनातलं मला कसं कळणार?"

"मनातलं राहू द्या, तारखा ओळीनं मांडा. तक्रार कधी, पहिला मेमो कधी. खरं असून भागत नाही, बाई. ते वेळेत आणि कागदावर सांगावं लागतं."

मग सरांनी औरंगाबादच्या एका प्राथमिक शिक्षिकेची हकीकत सांगितली. शाळेच्या इमारतीचा महापालिका कर २१,००० वरून ७९,९७४ रुपये झाला. प्रत्येक कर्मचाऱ्यानं त्यासाठी महिन्याला १,५०० रुपये द्यावेत, असं पत्र निघालं. शिक्षिकेनं नकार दिला. त्यानंतर पंचवीस मेमो, २००६ मध्ये निलंबन, २००७ मध्ये बडतर्फी. आरोप तिनं लेखी उत्तरं देऊन नाकारले होते. न्यायाधिकरणानं २००९ मध्ये तिला पूर्ण थकीत पगारासह परत घ्यायला सांगितलं. उच्च न्यायालयानं पगाराचा भाग रद्द केला, तो सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये परत दिला. बेकायदा काढलेल्याचा पगार बुडवणं म्हणजे त्यालाच शिक्षा आणि काढणाऱ्याला बक्षीस, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

सहा वर्षं! मास्तरकीच्या पगारावर चालणाऱ्या घराला ती किती जड गेली असतील, हे कुठल्याच निकालपत्रात मावत नाही. तरी ती बाई मागे हटली नाही, म्हणून तिचा निकाल आज दुसऱ्यांच्या कामी येतो.

बाईंनी पिशवीतून मेमो काढले, तक्रारीची शिक्का मारलेली पोहोचही काढली. सर तारखा लावू लागले.

"आणि एक ओळ विसरू नका," ते म्हणाले. "काढल्यापासून दुसरीकडे कुठे नोकरी नाही, हे खरं असेल तर स्पष्ट लिहा. तेवढं लिहिलं, की तुम्ही कमावत होतात हे दाखवायची जबाबदारी संस्थेवर जाते."