ताटी कोणी उघडायची?

वारीत पायाला फोड आले की आपण वैद्यकीय पथकाच्या तंबूत जाऊन बसतो. तिथली ताई आपला पाय हातात घेते, मलमपट्टी करते आणि हसून ‘चला माउली’ म्हणते. तिच्या मनाला फोड आला असेल तर तो कोण पाहतो? आज इस्पितळांतल्या कित्येक परिचारिका आणि डॉक्टर मनाशी म्हणतात, ‘सोडून द्यावे हे काम.’ त्यांना पळपुटे म्हणावे काय?

आधी हा शीण कसला ते पाहू. अंगाचा शीण झोपेने जातो. हा तसा जात नाही. रात्रपाळीत एका खाटेवरचा माणूस जातो. त्याचे डोळे मिटायचे, घरच्यांचा आक्रोश ऐकायचा आणि लगेच शेजारच्या खाटेशी जाऊन हसऱ्या तोंडाने धीर द्यायचा. वर कोणाच्या शिव्याही गिळायच्या. आत एक, बाहेर एक असे वर्षानुवर्षे चालले की माणूस आतून आटतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ह्या अवस्थेची, ‘बर्नआउट’ची, व्याख्या केली. हा आजार नव्हे, कामावरच्या न निवळलेल्या ताणातून ही अवस्था येते, असे म्हटले. लक्षणे तीन: शक्ती संपणे, कामापासून मन तुटणे आणि हातून काम नीट न होणे.

मन तुटणे आपल्याला नवे नाही. ज्ञानोबारायांनीही लोकांच्या बोलांनी दुखावून झोपडीची ताटी लावून घेतली होती. साऱ्या जगाची माउली, तिनेही दार लावले! तेव्हा दाराशी मुक्ताई गेली. ताटीचे अभंग तिथलेच. तिची समजूत आत पोचली, कारण ती त्याच घरची होती आणि तेच अपमान तिनेही सोसले होते. उपदेशाचा अधिकार असा सोसण्यातून येतो.

आता आपले पाहा. एखादी परिचारिका ‘थकले’ म्हणाली की आपण तिला निष्काम कर्म सांगू लागतो. निष्काम कर्म स्वतःला सांगायचे असते. सेवा घेणाऱ्याने ते सेवा करणाऱ्याला सांगितले, की ती नुसती राबवून घेण्याची सोय होते. २२ मार्च २०२० रोजी आपण थाळ्या वाजवल्या. त्याच दिवसांत काही ठिकाणी डॉक्टर-परिचारिकांना भाड्याची घरे सोडायला सांगितली गेली. एकदा देव म्हटले, की त्याच्या झोपेचा, पगाराचा, रडण्याचा हिशेब कोणी मागत नाही.

कोणी विचारील, ‘सगळ्यांनीच सोडले तर रोग्याने काय करावे?’ प्रश्न खरा आहे. कीर्तनात बुवांचा आवाज बसला तर टाळकरी ध्रुपद उचलून धरतात, तेवढ्यात बुवा श्वास घेतात. एकट्याने कीर्तन होत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ साली झालेल्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळल्या. २०१५ साली देह ठेवीपर्यंत तिथल्या परिचारिकांनीच त्यांना सांभाळले. आधीच्या निवृत्त झाल्या, नव्यांनी तोच वसा घेतला. चार दशकांची ही सेवा एका खांद्यावर नव्हती, म्हणून टिकली.

रात्रपाळीच्या एकट्या सिस्टरला टाळकरी कोठून मिळणार? पुरेशी माणसे आणि हक्काची सुट्टी देणे हे शासनाचे व व्यवस्थापकांचे काम, ते आपण मागून घेतले पाहिजे. आपल्या हातचेही काही आहे. रोग्यापाशी दहाजणांनी गर्दी करू नये. आपले माणूस गेले तरी समोरच्यावर हात उगारू नये. घरात, गावात कोणी ह्या कामात असेल तर तिला आठवड्यातून एकदा विचारावे, ‘बाई, तुझे कसे चालले आहे?’ आणि उत्तर मध्येच तोडू नये.

एवढे करूनही कोणी काम सोडले, तर तिला पाप लावू नये. तिने आजवर जितक्यांचे डोळे पुसले, तितकी वारी तिच्या पदरी जमा आहे. पण पुष्कळजणी अजून दाराच्या आत उभ्या आहेत. ताटी लावली आहे, कडी घातलेली नाही. दाराशी जाणारे कोणी हवे.

रामकृष्ण हरी.