दोन वर्षांच्या लेकराची सुगी

दोन वर्षांच्या मुलाला सुट्टी लागत नाही. शाळाच नाही, तर दिवाळी काय आणि मे महिना काय. त्याचे दिवस बदलतात ते ऋतूमुळे आणि घरातल्या मोठ्यांच्या कामामुळे. तरीही सणासुदीच्या आणि सुट्ट्यांच्या तोंडावर ‘लहानग्यांसाठी उपक्रम’ या नावाखाली आईवडिलांपुढे बरेच काही येऊन पडते: रंगवायची चित्रे, चिकटवायचे कागद, मोबाइलवरचे व्हिडिओ. त्यांतले ऋतू बहुधा चार असतात. एकात झाडांची पाने तांबडी-पिवळी होऊन गळतात, एकात बर्फाचा माणूस उभा राहतो. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांच्या जिल्ह्यात यातले काहीच घडत नाही. इथे मृग निघतो, सोयाबीन पेरले जाते, दसऱ्याच्या आगेमागे ते काढायची घाई उडते, संक्रांतीच्या सुमारास ज्वारीचा हुरडा होतो आणि शिमग्याच्या दिवसांत अंगणाअंगणात शिजवलेली हळद वाळत पडते. माझे म्हणणे असे की, तीन वर्षांखालच्या मुलासाठी ऋतूचा वेगळा उपक्रम आखायची गरजच नाही. घरात आणि शिवारात जे काम त्या ऋतूत चाललेलेच असते, त्याच्या कडेला त्याला सुरक्षित जागा हवी आणि त्याच्याशी बोलणारे एक मोठे माणूस हवे. यातली दुसरी गोष्ट सगळ्यात दुर्मीळ आहे, आणि ती मिळवून देण्याचा भार एकट्या आईवर टाकता येणार नाही.

हे म्हणणे नुसत्या गावाकडच्या ओढीतून आलेले नाही. मूल शब्द कसे उचलते याचा अभ्यास गेल्या चाळीस वर्षांत बराच झाला आहे. मायकेल टोमासेलो आणि मायकेल फरार यांनी 1986 मध्ये दाखवले की, मूल ज्या वस्तूकडे आधीच पाहत आहे तिचे नाव मोठ्या माणसाने उच्चारले तर ते मुलाला चांगले लागते. त्याचे लक्ष दुसरीकडे ओढून नाव सांगितले तर तितके लागत नाही. 2003 मध्ये पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नऊ-दहा महिन्यांच्या बाळांना बारा बैठकांत चिनी मँडरिन ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या, बोलणाऱ्या माणसाकडून बाळांनी त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखायला शिकून घेतले; तेच बोलणे पडद्यावर दाखवले तेव्हा काहीच पदरात पडले नाही. जागतिक आरोग्य संघटनेची 2019 ची मार्गदर्शक सूचनाही हेच धरून आहे: एक वर्षाच्या मुलाला पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभराहून जास्त नको. या सगळ्यातून निघणारी गोष्ट साधी आहे. लहान मूल माहिती साठवत नसते. ते कुणाबरोबर तरी एखाद्या गोष्टीकडे पाहत असते. म्हणून बर्फाचा माणूस हिंगोलीत परका ठरतो. तो परदेशी आहे हे त्याचे कारण नव्हे. त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या मोठ्या माणसालाही त्याच्याबद्दल दोन वाक्यांपलीकडे बोलता येत नाही, हे खरे कारण.

उलट घटस्थापनेच्या घटाबद्दल घरातली कुठलीही बाई नऊ दिवस बोलू शकते. परडीत किंवा पत्रावळीवर काळी माती पसरतात, तीत गहू, ज्वारी आणि आणखी काही धान्ये पेरतात, मध्ये मातीचा घट ठेवून तो पाण्याने भरतात. कच्च्या भाजणीच्या घटातून पाणी पाझरत राहते आणि माती ओली राहते. दोन वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने या मांडणीत काय काय आहे ते पाहावे. मूठभर दाणे हातातून सुटताना कसे पडतात, कोरडी माती आणि ओली माती बोटाला कशी वेगवेगळी लागते, पेरलेला दाणा दिसेनासा होतो पण गेलेला नसतो. पहिले दोन दिवस काहीच होत नाही. मूल माती उकरून पाहू लागते, आणि त्याला ‘थांब’ हा शब्द कळायला याहून बरा प्रसंग नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पांढरे टोक वर येते, मग रोज सकाळी ते कालच्याहून उंच असते. काल आणि आज, लहान आणि मोठे, ओले आणि सुके हे सगळे एका परडीत भेटते. देवघराच्या कोपऱ्यात उजेड कमी, म्हणून कोंब पिवळट निघतात. चार दाणे वेगळ्या वाटीत पेरून ती वाटी दारात ठेवली तर हिरवे कोंब येतात, आणि ती वाटी परडीशेजारी ठेवली की मूल न शिकवताही फरक दाखवते. बंजारा तांड्यांवर श्रावणातल्या तीजेला मुली टोपल्यांत गहू पेरून त्यांना रोज पाणी घालतात, तिथेही हीच संधी आहे. हिंगोलीच्या दसऱ्याच्या प्रदर्शनाला दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा सांगितली जाते, आणि मोठ्या मुलांना तिथे नेलेच पाहिजे. पण दीड-दोन वर्षांच्या मुलाला त्या गर्दीतून जेवढे मिळते त्याहून कितीतरी जास्त घरातल्या परडीतून मिळते, असे मला ठामपणे वाटते. गर्दीत सगळे एकदम येते आणि निघून जाते. परडी रोज तिथेच असते आणि रोज थोडी वेगळी असते.

हळदीचेही तसेच. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि जिल्ह्याच्या अर्थकारणात या पिकाचे वजन मोठे आहे. पण घरच्या लहान मुलाशी हळदीबद्दल कुणी बोलते का? काढणीनंतर जेठा गड्डा, बगल गड्डा आणि हळकुंडे वेगळी केली जातात. मोठे-लहान, जाड-बारीक, गोल-लांब अशी प्रतवारी करण्याचे हे काम बालवाडीतल्या मणी-ठोकळ्यांच्या खेळाहून कुठल्याच बाबतीत कमी नाही. शिजवून वाळलेले हळकुंड हातात घेतले तर ते हलके आणि टणक लागते, दुसऱ्यावर आपटले तर टक्क वाजते. ओले हळकुंड तसे वाजत नाही. मोडले की आतला रंग बाहेरच्याहून गडद निघतो. आजीने वाळवणाच्या कडेला बसून मुलाच्या हाती पाच-सहा हळकुंडे दिली आणि ‘ह्याचा आवाज बघ’ एवढे म्हटले, तरी दिवसाचा उपक्रम झाला. मिरगाच्या पहिल्या पावसानंतर निघणारा मखमली लाल किडा, शिमग्याला पातेल्यात उकळणारी पळसाची फुले, दिवाळीत अंगणात मांडलेल्या शेणाच्या गवळणी, पोळ्याला चिखलाचे बैल, उन्हाळ्यात खाटेवर घातलेल्या कुरडया यांबद्दल मी लांबवत नाही. वाचकाला ते ठाऊक आहे.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो हलका नाही. हे सगळे सांगणे म्हणजे कष्टाच्या जगण्याला गोड रंग देणे नव्हे काय? सोयाबीनच्या सुगीत बाई गुत्त्यावर जाते. रोजंदारी असेल तर दुपारी दोन घटका लेकराजवळ बसता येते. गुत्त्यात एकराचा भाव ठरलेला असतो आणि थांबलेला प्रत्येक तास तिच्याच मजुरीतून जातो. लेकरू बांधावरच्या झाडाला टांगलेल्या साडीच्या झोळीत असते, नाहीतर आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर, आणि त्या बहिणीची शाळा बुडते. अशा आईला ‘मुलाशी बोलत काम करा’ हा सल्ला देणे क्रूरपणाचे आहे. शिवाय शेतात विळा आहे, फवारणीचे औषध आहे, हळद शिजवायच्या कुकरची वाफ आहे. सणाचेही धोके आहेत. बोरन्हाण तर पाच वर्षांखालच्या मुलांसाठीच असते, पण त्यात डोक्यावरून पडणारी बोरे, हरभऱ्याचे घाटे आणि रेवड्या मूल तोंडात घालते. दाढा नीट आलेल्या नसल्याने शेंगदाणा किंवा बोराची बी चावून बारीक होत नाही आणि हसता-रडता श्वासनलिकेत अडकू शकते. चुरमुऱ्यांवर भागवावे, बाकीचे मोठ्या मुलांना वाटून टाकावे.

हा आक्षेप मला मान्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला वेगळा दिसतो. बार्बरा रोगॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये चार ठिकाणच्या एक ते दोन वर्षांच्या मुलांचा आणि त्यांना सांभाळणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ग्वाटेमालातले एक माया गाव, तुर्कस्तान आणि अमेरिकेतली मध्यमवर्गीय वस्ती आणि भारतातले एक आदिवासी गाव होते. शहरी मध्यमवर्गीय आया मुलासाठी वेगळा पाठ किंवा खेळ मांडत. गावांतली मुले मोठ्यांच्या चाललेल्या कामाच्या कडेला राहून, बारीक लक्ष ठेवून शिकत. म्हणजे गावातली रीत कमी प्रतीची आहे असे मानायला आधार नाही. मात्र रीत असून भागत नाही, तिला वेळ लागतो. जमैकातल्या किंग्स्टन शहरात 1986-87 मध्ये वाढ खुंटलेल्या 129 मुलांचा अभ्यास सुरू झाला. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्य कार्यकर्त्या आठवड्यातून एकदा, तासभर, दोन वर्षे जात राहिल्या. टाकाऊ वस्तूंची खेळणी नेऊन त्या आईला मुलाशी खेळून दाखवत. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई, भेटी न मिळालेल्या तशाच मुलांच्या तुलनेत, सुमारे 25 टक्क्यांनी जास्त भरली. ज्या आयांकडे वेळ नव्हता त्यांच्याच घरी हे घडले, कारण कुणीतरी पगार देऊन एक माणूस त्यांच्या दारी पाठवला. वेळ विकत घ्यावा लागतो, आणि गरिबाच्या घरी तो सरकारने घ्यायचा असतो.

दुसरा आक्षेप शहरातून येतो. शेजारचे मूल अडीच वर्षांचे असताना एबीसीडी म्हणते, नर्सरीत त्याचा नंबर लागतो, आणि आपण लेकराला हळकुंडे वाजवायला द्यायची? या भीतीची थट्टा करू नये. इंग्रजीवाचून दारे बंद होतात हे पालकांनी भोगलेले आहे. पण अक्षर ओळखण्याआधी त्या अक्षराने सुरू होणारे शब्द मुलाच्या तोंडात असावे लागतात, आणि ते घरातल्या भाषेतच भरभरून येतात, मग ती मराठी असो, गोरमाटी असो वा दखनी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम नेले. मॉन्टेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी बिया, शिंपले, पाने आणि फुले घेतली. गरिबीवरची तडजोड म्हणून त्यांच्या प्रयोगाकडे पाहण्याची सवय आपल्याला लागली आहे. मी त्याकडे बालशिक्षणातला महाराष्ट्राचा सर्वांत मूलभूत विचार म्हणून पाहतो: साधन मुलाच्या परिसरातले असावे आणि शाळा मुलाच्या अंगणापर्यंत जावी.

सण हे एका धर्माचे, एका जातीचे असतात, त्यावर शिक्षण कसे उभारणार, असेही कुणी विचारेल. या जिल्ह्यात हिंदू, मुस्लिम, बौद्ध, बंजारा, आंध असे सगळे शेजारी राहतात. म्हणूनच सणाऐवजी ऋतू धरावा. ईदच्या शेवयांचे लांब धागे, 14 एप्रिलच्या मिरवणुकीतले निळे झेंडे आणि ताशे, तीजेचा गहू, सगळे ज्याच्या त्याच्या घरी असतेच. अंगणवाडीताईंनी कुणावर कुणाचा सण लादू नये, प्रत्येक घरात त्या महिन्यात काय चालले आहे ते विचारून त्याबद्दल बोलावे, एवढे पुरे.

1975 मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हापासून अंगणवाडीत पूर्वशालेय शिक्षण मिळते ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांना. त्याखालच्या मुलाच्या वाट्याला लसीकरण, वजन आणि घरपोच आहार येतो. ही उणीव आता केंद्राने मान्य केली आहे: 2024 मध्ये ‘नवचेतना’ हा जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीचा आराखडा निघाला, त्यात 36 महिन्यांचे वेळापत्रक आणि 140 कृती आहेत. कागद चांगला आहे. पण त्यातले महिने मुलाच्या वयाचे आहेत. हिंगोलीचे महिने निराळे आहेत. वीस महिन्यांच्या मुलाची कृती सोयाबीनच्या सुगीत आली तर दुपारच्या गृहभेटीला घरात फक्त कुलूप भेटेल. म्हणून जिल्ह्याने या वेळापत्रकावर आपले दुसरे वेळापत्रक ठेवावे: आश्विनात भेटी संध्याकाळी, माघ-फाल्गुनात हळदीच्या वाळवणावर, आणि बोलणे आजी-आजोबांशी व बापांशीही, कारण त्या दिवसांत मूल बहुधा त्यांच्याजवळ असते. रोजगार हमीच्या 2005 च्या कायद्यात कामावर पाच किंवा अधिक लहान मुले असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमण्याची तरतूद होती. खासगी शेतातल्या गुत्त्याला असे काहीच लागू नाही, आणि सुगीपुरते पाळणाघर गावातच उघडल्याशिवाय ती पोकळी भरणार नाही. ‘पाळणा’ योजनेतून अंगणवाडीला जोडून अशी सोय करता येते. ती पहिल्यांदा जास्त मजूर बाहेर पडणाऱ्या गावांना द्यावी. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे लेकरू तर पाडव्यापर्यंत जिल्ह्यातच नसते. 2021 पासून वापरात असलेल्या पोषण ट्रॅकरवर स्थलांतर नोंदवण्याची सोय आहे. आहाराच्या हिशेबासाठी ती वापरतात तशीच या भेटींसाठीही वापरली, तर ज्या कारखान्याच्या फडावर ते लेकरू उतरले तिथल्या अंगणवाडीताईंना त्याचे वय, त्याची घरची भाषा आणि इथे कुठल्या कृतीपर्यंत आलो होतो हे त्याच आठवड्यात कळेल.