सोडत, गरज आणि रिकामी जागा

ताथवडे हे मुळशी तालुक्यातील गाव २००९ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. त्यानंतरच्या पंधरा-सोळा वर्षांत महामार्गालगतच्या शेतांवर उंच इमारती उभ्या राहिल्या. हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत आणि चाकणच्या कारखान्यांत नोकरी करणारी कुटुंबे येथे राहावयास आली. घरे वाढली तशा मोटारीही वाढल्या. जागा मात्र होती तेवढीच राहिली. आज येथे शेजाऱ्या-शेजाऱ्यांत कटुता येण्याचे पहिले कारण कोणते असे कोणी विचारले, तर आम्ही निःशंकपणे सांगू, की मोटार उभी करण्याची जागा.

आमची गृहनिर्माण संस्था याला अपवाद नाही. बांधकाम व्यावसायिकाला इमारतीखालची खांबांमधली जागा सदनिकेसारखी वेगळी विकता येणार नाही, ती सर्वांच्या सामाईक मालकीची आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मुंबईतील एका संस्थेच्या खटल्यात दिला. जागा सर्वांची आणि मागणारे अधिक, तेव्हा वाटप कसे करावे? सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींनी यावर जुनाच उपाय सांगितला आहे: चिठ्ठ्या टाकाव्यात. आमच्याकडेही दरवर्षी सोडत निघते. एका लहान मुलाकडून चिठ्ठ्या उचलल्या जातात. कोणाचा वशिला नाही, कोणावर राग नाही. आम्हांला ही पद्धत नेहमीच न्याय्य वाटत आली.

दोन वर्षांपूर्वीच्या सभेत एका तरुण सभासदाने विनंती केली. त्याच्या आईला अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला. चाकांच्या खुर्चीवाचून तिला हलता येत नाही आणि आठवड्यातून दोनदा व्यायामोपचारासाठी बाहेर न्यावे लागते. लिफ्टजवळची एक जागा सोडतीतून वगळून आपल्याला द्यावी, एवढेच त्याचे मागणे होते. त्यावर एक गृहस्थ उभे राहिले. आवाज चढवण्याचा त्यांचा स्वभाव नाही. ते शांतपणे म्हणाले, "गाडी तुम्ही चालवता. तुम्ही धडधाकट आहात. अपंग माणूस स्वतः गाडी चालवत असेल तर गोष्ट वेगळी. आईंना दारात उतरवा आणि गाडी लावून या. नियम सर्वांना सारखा हवा." मत घेतले गेले. सोडतीच्या बाजूने बहुतेकांनी हात वर केले. आम्हीही केला. आम्हांला ते तत्त्वाला धरून वाटले. शिवाय खरे सांगायचे तर लिफ्टजवळची जागा त्याआधीच्या वर्षी आमच्या चिठ्ठीत निघाली होती, आणि पुन्हा निघेल अशी आशा मनाच्या कोपऱ्यात होती. ती पुन्हा निघालीही.

त्यानंतर जुलैतील एका संध्याकाळी आम्ही कामावरून परतलो. पाऊस कोसळत होता. आमच्यापुढे वाटेतच एक मोटार उभी होती. एका बाजूचे दार सताड उघडे. पाठीमागे गाड्यांची रांग वाढू लागली तसे कोणीतरी भोंगा वाजवला, आणि मग आम्हीही वाजवला. पुढे पाहिले तो तोच तरुण. एका हाताने तो छत्री धरत होता आणि दुसऱ्या हाताने आईला खुर्चीत घेऊ पाहत होता. भोंग्याच्या आवाजाने त्या वृद्धेने मान वळवून आमच्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्यामुळे लोकांचा खोळंबा होतो आहे, ही लाज होती. ती लाज खरे तर आमची होती. ती तिला वाटत होती. त्या दिवसापासून 'नियम सर्वांना सारखा' हे वाक्य आम्हांला पूर्वीसारखे सरळ वाटेनासे झाले.

या प्रश्नाची सुरुवात तत्त्वज्ञानापेक्षा मोजपट्टीने करणे बरे. मोटारीसाठी आखलेली जागा साधारणतः अडीच मीटर रुंद असते. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या, की दार अर्धेच उघडते आणि चालता-फिरता माणूस अंग चोरून बाहेर पडतो. चाकांच्या खुर्चीवर बसणाऱ्याला अंग चोरता येत नाही. दार पूर्ण उघडावे लागते, खुर्ची आसनाला भिडवावी लागते, मदतनीसाला वाकण्यापुरती जागा लागते. म्हणूनच इमारतींविषयीचे आपल्याकडील निकष सांगतात, की प्रवेशद्वारापासून तीस मीटरच्या आत दोन जागा राखीव असाव्यात आणि प्रत्येकीची रुंदी किमान ३.६ मीटर असावी. तीस मीटर हे अंतर झाले. पण खरे मर्म रुंदीत आहे. दारात उतरवून अंतराची अडचण काही वेळा दूर होते, रुंदीची होत नाही. आणि दारात उतरवलेल्या व्यक्तीला तेथे एकटे सोडून गाडी लावायला जायचे, तर ती व्यक्ती एकटी राहू शकणारी असावी लागते. ज्या बाईला स्वतःचा तोलही सावरता येत नाही, तिला फाटकाशी ठेवून मुलाने कोठे जावे?

येथे चालक आणि प्रवासी हा भेद गळून पडतो. सवलत कोणाला, हा प्रश्न आपण गाडीकडे किंवा तिच्या चाकामागे बसलेल्याकडे पाहून विचारतो. तो विचारायला हवा गाडीतून उतरणाऱ्याकडे पाहून. ब्रिटनमध्ये १९७१ साली अपंगांसाठी नारिंगी रंगाचा बिल्ला सुरू झाला. २००० सालापासून तो निळा झाला. तो बिल्ला मोटारीला मिळत नाही, माणसाला मिळतो. तो माणूस स्वतः गाडी चालवो, मुलाच्या गाडीत बसो किंवा शेजाऱ्याच्या, बिल्ला त्याच्याबरोबर जातो. पण तो माणूस त्या प्रवासात नसेल, तर त्याच्या घरच्यांना तो वापरण्याची मुभा नाही. या एका नियमात न्यायाच्या दोन्ही बाजू आम्हांला दिसतात. आई बरोबर असताना मुलाला जागा नाकारणे अन्याय. आणि आई घरी झोपलेली असताना मुलाने बाजारात तिच्या नावाची जागा अडवणे हाही अन्यायच.

आपल्या देशात कायदा नाही असे नाही. १९९५ साली अपंगांच्या समान संधीचा कायदा झाला. त्याची जागा २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने घेतली. सुगम्यतेचे नियम पाळल्यावाचून बांधकामाला परवानगी वा पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, असे हा कायदा सांगतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशींच्या स्वरूपात ठेवणे कायद्याशी विसंगत आहे. सरकारने बंधनकारक नियम करावेत. हे सारे वाचून आम्ही आमच्या इमारतीचा मंजूर नकाशा काढून पाहिला. त्यावर लिफ्टजवळ दोन जागांवर चाकांच्या खुर्चीचे चिन्ह स्पष्ट होते. प्रत्यक्षात त्या पट्ट्यात एकसारख्या तीन जागा आखल्या गेल्या, त्यांवर क्रमांक पडले आणि त्या आमच्या सोडतीत आल्या. म्हणजे त्या तरुणाने सवलत मागितली असे आम्ही समजत होतो, तेव्हा तो नकाशात आधीच असलेली गोष्ट मागत होता.

मग सोडत अन्याय्य आहे काय? तसे आम्ही म्हणणार नाही. जेथे सर्वांची गरज सारखी आहे, तेथे चिठ्ठीइतका निःपक्षपाती न्यायाधीश नाही. परंतु चिठ्ठीला डोळे नसतात. ज्याला पन्नास पावले जादा चालावी लागतील आणि ज्याला घरातच अडकून पडावे लागेल, या दोघांतला फरक तिला दिसत नाही. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात लेस्बॉस बेटावरच्या बांधकामातील शिशाच्या मोजपट्टीचा दृष्टान्त दिला आहे. ती पट्टी ताठ नसे. दगडाच्या आकाराप्रमाणे ती वाके. नियम सर्वसामान्य असतो, प्रसंग विशिष्ट असतो, म्हणून नियमाला कधी असे वाकावे लागते, हा त्याचा आशय. संत थॉमस अक्वायनस यांनी याच विचाराला पुढे नेताना ठेवीचे उदाहरण घेतले. ठेव परत करावी हा नियम योग्यच. पण वेडाच्या भरात असलेल्या माणसाने ठेवलेली तलवार मागितली तर ती परत करणे हा न्याय नव्हे. आमच्या सभेत आम्ही लोखंडी पट्टी घेऊन बसलो होतो आणि तिच्या सरळपणाचा आम्हांला अभिमान वाटत होता.

या ठिकाणी योहानाच्या शुभवर्तमानातील बेथेस्दा तळ्याचा प्रसंग आठवल्यावाचून राहत नाही. अडतीस वर्षे आजारी असलेला तो मनुष्य तळ्याकाठी पडून आहे. पाणी हलले की प्रथम उतरणारा बरा होतो, अशी लोकांची समजूत. नियम एकच आणि सर्वांना सारखा: जो आधी पोहोचेल त्याचे काम होईल. पण ज्याला पाण्याची सर्वांत अधिक गरज, तोच सर्वांत सावकाश सरकणार, आणि दर वेळी दुसरा कोणी त्याच्या आधी उतरणार. त्या तळ्याकाठी कोणी कोणाला ढकलले असे लिहिलेले नाही. प्रत्येक जण नियमाप्रमाणेच वागत होता, आणि तरीही तो मनुष्य काठावरच राहिला.

विरुद्ध बाजूचे आक्षेपही प्रामाणिकपणे ऐकले पाहिजेत. पहिला आक्षेप असा, की राखीव जागा दिवसातले कित्येक तास रिकामी राहते आणि तेवढा वेळ दुसरा कोणीतरी गाडी घेऊन फिरत राहतो. हे खरे आहे. पण त्या जागेचा उपयोग तिच्या रिकामेपणातच असतो. अपंग व्यक्तीला बाहेर पडताना परत येण्याची खात्री हवी असते. 'बहुधा मिळेल' एवढ्यावर तिचे चालत नाही, कारण न मिळाल्यास पुढच्या गल्लीत गाडी लावून चालत येणे तिला शक्य नाही. 'दोनच मिनिटांत येतो' म्हणून तेथे गाडी लावणारा केवळ दोन मिनिटे घेत नाही. तो ती खात्री घेतो.

दुसरा आक्षेप खोट्या हक्काचा. खोटी प्रमाणपत्रे निघतील, सारेच पाठदुखी सांगतील, असे म्हटले जाते. शिवाय सर्व अपंगांची गरज एक नसते. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारचे अपंगत्व मानले आहे. कर्णबधिर चालकाला रुंद जागेची गरज नसेल; अंध प्रवाशाला रुंदी नको, पण सोबत्याने त्याला एकटे सोडून जाऊ नये एवढे हवे. उलट वरकरणी धट्टाकट्टा दिसणाऱ्या हृदयरोग्याला तीस पावलांत धाप लागते. इंग्लंडमध्ये २०१९ पासून डोळ्यांना न दिसणाऱ्या अपंगत्वासाठीही बिल्ला मिळू लागला, तो यामुळेच. तेव्हा पारख अवघड आहे आणि चुका होणारच. मात्र दोन चुकांचे वजन सारखे नाही. अपात्र माणसाला जागा मिळाली तर काही वेळ एक जागा अडते. पात्र माणसाला नाकारली तर त्याचे घराबाहेर पडणेच थांबते. अशा वेळी चूक कोणत्या बाजूला होऊ द्यावी, हे ठरवणे कठीण नसावे.

आणखी एक गोष्ट आमच्या नजरेतून सुटली होती. या भागात स्वतः वाहन चालवणारे बरेच अपंग मोटारीत नव्हे, तर मागे दोन जादा चाके बसवलेल्या स्कूटरवर दिसतात. ती स्कूटर दुचाकींच्या अरुंद आखणीत मावत नाही आणि मोटारींच्या जागेत लावली तर लोक हटकतात. तिच्या शेजारी कोणी दुचाकी खेटून लावली, तर चालकाला पुन्हा चढता येत नाही. कोणीतरी येऊन ती सरकवीपर्यंत तो कुबड्यांवर उभा राहतो. नियम करताना मोटारवाल्या अपंगाचाच विचार केला, तर एका विषमतेवर उपाय करताना दुसरी उभी राहते.

त्या जुलैनंतर आम्ही आमची जागा त्या कुटुंबाशी बदलून घेतली. हे आम्ही मोठेपणासाठी सांगत नाही. उलट त्यातून आम्हांला नवीच अस्वस्थता आली. त्या आजी लिफ्टपाशी भेटल्या, की दर वेळी उजवा हात कपाळाला लावून आमचे आभार मानू लागल्या. मुलगाही "काका, तुमचे उपकार आहेत" असे म्हणे. एखाद्याच्या हक्काची वस्तू आपल्या हातून गेली, की तिचे दान होते आणि घेणाऱ्याला मान खाली घालावी लागते. आमचे मन बदलले असते किंवा आम्ही घर विकले असते, तर त्या आजी पुन्हा पावसात उभ्या राहिल्या असत्या. दयेने त्यांची अडचण सुटली होती. पण त्यांना न्याय मिळाला नव्हता.

म्हणून पुढच्या सभेत आम्ही तो नकाशा टेबलावर ठेवला. तीन साध्या जागांची रुंदी साडेसात मीटर. दोन रुंद जागांना लागतात ७.२ मीटर. म्हणजे आम्हां सर्वांना मिळून एक जागा सोडावी लागणार होती. चर्चा दोन तास चालली. ज्या गृहस्थांनी आधी विरोध केला होता, त्यांनी एकच अट घातली: जागा कोणा कुटुंबाच्या नावे न करता गरजेच्या नावे राहावी, आणि उद्या आपल्यापैकी कोणावर तशी वेळ आली तर ती त्यालाही मिळावी. अट रास्त होती. किंबहुना आमच्या साऱ्या विचारापेक्षा ती अधिक नेमकी होती. ठराव झाला. तीन रेघा पुसून दोन रुंद चौकोन आखले गेले, आणि शेजारच्या कोपऱ्यात जादा चाकांच्या स्कूटरसाठी एक जागा निघाली.

आजी आजही लिफ्टपाशी भेटतात. आता त्या आभार मानत नाहीत. पाऊस यंदा लांबला, व्यायाम शिकवणारी मुलगी फार कडक आहे, असे काहीबाही बोलतात आणि त्यांची खुर्ची पुढे निघून जाते.