गल्ल्याशेजारची परात

गोंदियाच्या स्टेशनाजवळ एका नाश्ता-मिठाईच्या दुकानात मी गल्ल्यावर बसते. डाव्या हाताला समोसे आणि आलुबोंड्यांचा ट्रे, उजव्या हाताला जिलेबीची परात, पाठीमागे भट्टी. जिलेबी तोलताना तुकडे पडतात. गिऱ्हाइकाला अख्खी वेढी हवी असतात, म्हणून तुकडे परातीच्या कडेला पाकात लोळत राहतात. दुपारी चारनंतर ते माझ्या तोंडात जातात. त्यांची मोजदाद कुणी ठेवत नाही, कारण बिलात ‘तुकडा’ नावाची वस्तूच नाही.

पावसाळ्यात रक्त तपासलं. एचबीए१सी ६.१ निघालं. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाचा उंबरठा. कंबर ८८ सेंटिमीटर. आपल्याकडच्या बाईची ८०च्या आत हवी. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा. तेव्हापासून दुकानाचे आचारी काकाजी आणि मी, दुपारची गाडी निघून गेली की याच एका गोष्टीवर बोलत असतो. काकाजींनी साठी ओलांडली आहे. तीस वर्षं भट्टीसमोर उभे आहेत, पण अंगावर मूठभर मांस नाही.

पहिल्या दिवशी मी ठरवूनच गेले होते. म्हटलं, “काकाजी, आता दिवसातून दोनदाच जेवणार. कडकडून भूक लागेल तेव्हा, आणि ५५ मिनिटांच्या आत संपवायचं. आपल्या विदर्भाच्या श्रीकांत जिचकारांनी हे मांडलं, डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी पुस्तक लिहून महाराष्ट्रभर नेलं. मधे काही तोंडात टाकलं की शरीरात इन्शुलिन वाढतं, आणि ते वाढलेलं असलं की साठलेली चरबी जळत नाही.”

“पुस्तकाचं नाव का आहे?”

“विनासायास वेट लॉस.”

“विनासायास कोणाले? ज्याच्या टेबलावर फाइल आहे त्याले. तुमच्या टेबलावर परात आहे, बाई.”

“मग ऋजुता दिवेकर म्हणतात तसं करते. थोड्या थोड्या वेळानं थोडं थोडं खायचं. आपला भात, आपलं तूप, कशालाच भ्यायचं नाही.”

“थोडं थोडंच तर खाऊन राहिल्या तुमी.”

मला उत्तर सुचलं नाही. घरी जाऊन हिशेब मांडला. तुकडे दिवसाला पन्नासेक ग्रॅम धरले, तर पाक आणि तूप मिळून दोनशेच्या आसपास कॅलरी होतात. एक किलो चरबीत ढोबळमानानं ७७०० असतात. म्हणजे कागदावर तरी चाळीस दिवसांत एक किलो. मी जेवून जाड झाले नव्हते, ज्याला कुणी खाणं म्हणत नाही ते खाऊन झाले होते.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, “हा निग्रहाचा प्रश्नच नाही. माणसानं दिवसातून शंभर वेळा स्वतःशी भांडू नये, भांडणाची जागाच काढून टाकावी. परात पलीकडे सरकवू, वर झाकण ठेवू.”

“परात सरकवली तर गिऱ्हाइकाले दिसत नाई. जे दिसत नाई ते खपत नाई. ज्या परातीनं तुमची कंबर वाढते, तीच तुमचा पगार काढते.”

“मग तुम्ही कसे वाचलात? तुम्ही तर कढईतच हात घालून असता.”

“मी चाखत नाई.”

इथे आमचं बोलणं जे अडलं ते दोन आठवडे अडलं. न चाखता आचारी कसा होतो? पाकाचं मला कळलं. काकाजी झाऱ्यावरचा थेंब अंगठा आणि बोटाच्या मधे घेतात, बोटं उघडतात आणि मधली तार उजेडाकडे धरून बघतात. एक तार न तुटता उभी राहिली की कढई उतरवायची. जिभेचं तिथे काही काम नाही. खमीर वासानं कळतं, तेल आवाजानं. पण समोशाच्या सारणाचं मीठ?

“पहिला घाणा पोऱ्याले देतो,” काकाजी म्हणाले. “त्याची जीभ ताजी आहे. मी चाखलं असतं तर चुकलो असतो. भुकेली जीभ खोटं बोलते, तिले सगळंच चांगलं लागते. भरल्या पोटाची जीभही खोटं बोलते. आचाऱ्यानं जिभेवर कायले भरोसा ठेवावा?”

“पण मग पोऱ्याचं काय? चाखायचं काम तुम्ही त्याच्यावर ढकललं.”

“तो बारीक आहे.”

“मीही होते.”

काकाजी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “हाव. हे खरं आहे.”

मी सांगितलं, चहा पारखणारे घोट घेतात, तोंडात घोळवतात आणि थुंकतात. तसं करता येईल. काकाजींना ते ऐकवेना. अन्न तोंडात घेऊन थुंकायचं? धानाच्या मुलखात? त्यांच्या आईनं दुसऱ्याच्या बांध्यांत कापणीनंतर सरवा वेचलेला, एकेक लोंबी उचलून ओटीत टाकलेली. त्या ओटीवर वाढलेला माणूस अन्न थुंकणार नाही. मी म्हटलं, “काकाजी, माझीही तीच अडचण आहे. मला जिलेबीचा मोह कमी आणि तुकडा फेकवत नाही हे जास्त. घरी पातेल्याच्या तळाचा भातही मीच संपवते. पोरांच्या ताटात उरलेली पोळी मीच खाते. अन्न वाया जाऊ नये म्हणून मी ते अंगावर साठवते.”

“मग तेही वायाच गेलं ना,” ते म्हणाले. “नालीत गेलं काय आणि तुमच्या कमरेत गेलं काय. ज्याले भूक होती त्याच्या पोटात तर नाई गेलं.”

मला आजवर कुठल्याही आहारतज्ज्ञानं एवढं थेट सांगितलेलं नाही.

पुढच्या खेपेला मी अस्वादाची गोष्ट काढली. गांधीजींच्या एकादश व्रतांत अस्वाद आहे. शरीराला लागतं म्हणून खावं, जिभेला आवडतं म्हणून नाही. १९३६ पासून गांधीजी इथे वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहिले. विनोबा तिथून जवळच पवनारला होते. आपल्याच मातीत हे जगून दाखवलेलं आहे.

“त्याइच्या आश्रमात जिलेबीची कढई होती का? सगळ्याइनं मिळून घेतलेलं व्रत एकट्या बाईनं गल्ल्यावर बसून पाळायचं, हे मोठं कठीण काम आहे. आणि बाई, एक सांगा. तुमचा डबा कधी उघडते?”

“वेळ मिळेल तसा. चार वाजता. कधी कधी पाच.”

“सकाळी का खाता?”

“चहा.”

“मग तुमी कायच्या मोहाशी भांडून राहिल्या? तुमी भुकेल्या आहात.”

त्या दिवशी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चार वाजताचा तुकडा ही माझ्या चारित्र्यातली खोट नव्हती. एक वाजताचं जेवण चुकलं होतं, ते तिथे वसूल होत होतं. नाश्त्याच्या, मिठाईच्या धंद्यातल्या माणसांना जेवणाची सुट्टी नसते, कारण आपली जेवणाची वेळ हीच त्यांच्या गर्दीची वेळ. जो दिवसभर दुसऱ्याला वाढतो त्याला बसून जेवता आलं पाहिजे, हे मी मालकांना सांगितलं. एक ते दीड गल्ला त्यांचा भाचा सांभाळू लागला. मी मागच्या बाकावर डबा उघडते. वरण, भात, भाजी. चारची ओढ निम्म्यानं ओसरली.

मी हे विजयानं सांगितलं, तर काकाजी म्हणाले, “मी तीस वर्षं उभ्यानं जेवलो. मी नाई वाढलो.”

“तुम्ही भट्टीसमोर उभे असता, मी बसून असते.”

“मग वेळेवर जेवल्यानं झालं की बसून राहिल्यानं झालं? एक काहीतरी ठरवा.”

मला ठरवता आलं नाही, आजही येत नाही. दोन्ही खरं असेल. राहिलेल्या निम्म्या ओढीसाठी मी एक युक्ती केली. तुकडे वेगळ्या ताटलीत काढायचे, तोलायचे आणि अर्ध्या भावानं विकायचे. ज्या वस्तूला भाव आहे ती गल्ल्यावरच्या बाईच्या तोंडात जात नाही, कारण ती चोरी होते. तुकड्याला भाव मिळाल्यावर माझा हात आपोआप थांबला. चार महिन्यांत पाच किलो उतरले.

आणि इथून काकाजींनी मला अशा ठिकाणी नेलं, जिथे जायची माझी तयारी नव्हती.

“तुमी जे विष म्हणून सोडलं, ते दुसऱ्याले तोलून देऊन राहिल्या.”

“विष नाही म्हटलं मी.”

“रोज दुपारी म्हंता.”

खरं होतं. २०२३ साली आलेल्या आयसीएमआरच्या अभ्यासाचे आकडे मीच त्यांना वाचून दाखवले होते. देशात मधुमेह असलेले १० कोटींवर, उंबरठ्यावरचे १३ कोटी ६० लाख. ते ऐकवताना माझा दुसरा हात पुडी बांधत होता.

मी म्हटलं, “जो हावड्याकडून रात्रभर जनरल डब्यात उभा येतो, त्याला आपला गरम समोसा म्हणजे दिवसाचं पहिलं अन्न. त्याच्या खिशाला तेच परवडतं. त्याला मी विष देत नाही.”

“त्याले नाई. पण रोज येणाऱ्याइले? त्या मिलमधल्या मुनीमजीले? तुमच्याचसारखे बसून असतात ते.”

“त्यांना मी अडवू? दुकान कसं चालेल?”

“मी अडवा नाई म्हणत. मीही तळतोच ना. मी फक्त विचारून राहिलो.”

आम्ही दोघं गप्प झालो. अर्ध्या भावाची ताटली रोज पाचच्या आत रिकामी होते. शाळा सुटल्यावर पोरं येतात, नाण्यांची मूठ गल्ल्यावर उघडतात. त्यातला एक गोलमटोल पोरगा रोज येतो आणि तिथेच उभा राहून सगळे तुकडे संपवतो. मी पैसे घेते, बोटं पुसायला कागद देते.

परवा धान्याच्या काट्यावर उभी राहिले आणि आकडा काकाजींना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो नीट वाचला. त्यांना मनापासून आनंद झाला होता, चेहऱ्यावर दिसत होता. मग त्यांनी ताटलीकडे पाहिलं.

“वजन कमी झालं, हाव,” ते म्हणाले. “पण बाई, ते गेलं कुठं?”