कीर्ति आणि ऋण

एखाद्या ग्रंथकाराचें नांव देशोदेशीं गाजूं लागलें, म्हणजे त्याच्यापुढें एक प्रश्न उभा राहतो: ज्यांना माझें लेखन वाचतांही येत नाहीं, त्या माझ्या माणसांचें मी काय लागतों? या प्रश्नाचा विचार करण्यास आल्बेर कामू याचें उदाहरण उपयोगी आहे.

कामूचा जन्म १९१३ सालीं, त्या वेळीं फ्रान्सच्या अंमलाखालीं असलेल्या अल्जीरिया देशांत झाला. तो वर्षाचाही झाला नव्हता, तोंच त्याचा बाप पहिल्या महायुद्धांत जखमी होऊन मरण पावला. आई कानानें अधू व निरक्षर. लोकांच्या घरीं मोलानें साफसफाई करून ती मुलांस पोशीत असे. मुलानें लवकर कामास लागावें अशी आजीची इच्छा होती. परंतु लुई झेर्में नामक शिक्षकांनीं तिचें मन वळविलें, व मुलास शिष्यवृत्तीच्या परीक्षेकरितां विनामूल्य शिकविलें.

१९५७ सालीं कामूस नोबेल पारितोषिक मिळालें. तेव्हां त्यानें या गुरुजींस पत्र लिहून कळविलें कीं, आईच्या पाठोपाठ आपणांस आठवण झाली ती तुमचीच. पारितोषिकप्रसंगींचीं भाषणेंही त्यानें त्यांसच अर्पण केलीं. पुढें आपल्या बाळपणावर तो कादंबरी लिहूं लागला, ती मात्र आईस अर्पिली. १९६० च्या जानेवारींत मोटारीच्या अपघातांत तो वारला. अपुरें हस्तलिखित तेथेंच सांपडलें, व १९९४ सालीं प्रसिद्ध झालें.

वाचकहो, जिला अक्षरओळख नाहीं तिला ग्रंथ अर्पण करणें व्यर्थ होय काय? आमच्या मतें नव्हे. असें अर्पण ही देणगी नसून ऋणाची कबुली आहे. जो पुत्र घरीं दरमहा पैसे पाठवितो, परंतु स्नेह्यांपुढें आईची ओळख करून देण्यास लाजतो, तो उपकार केल्याचें समाधान मिळवितो. ऋण तसेंच राहतें. उलट, गांवीं परत येऊन राहणें प्रत्येकास साधतें असें नाहीं. कामूही फ्रान्समध्येंच राहिला. तथापि आपली विद्या कोणाच्या कष्टांवर उभी आहे, हें त्यानें चारचौघांत सांगितलें.

म्हणून ज्यांस विद्या व नांवलौकिक लाभला, त्यांनीं घरीं जावें तेव्हां आपल्या पुस्तकांत काय लिहिलें आहे तें आईस तिच्या बोलींत सांगावें. आणि तिनें काय सोसलें, तें तिच्याजवळ बसून ऐकावें.